बातमीपटातला शिपाई

आमचे आबा सिनेमाच्या धंद्यात होते असं म्हटलं की समोरचा माणूस लगेच विचारतो, "कुठल्या सिनेमात होते?" मला या प्रश्नाचा राग येतो. सिनेमातला माणूस म्हणजे तोंडाला रंग फासून पडद्यावर नाचणारा, एवढंच लोकांना ठाऊक. आबा पडद्यावर कधी दिसले नाहीत. ते पडद्याच्या कडेला लांब वेताची काठी घेऊन उभे राहत आणि लोकांना सिनेमा सांगत.

हे सांगणं म्हणजे काय, तेही आता कुणाला माहीत नाही. मूकपटाच्या काळात पडद्यावर मधूनमधून अक्षरं यायची. ती वाचता येणारे सिनेमाच्या तंबूत चार-पाच, न येणारे तीन-चारशे. मग तंबूचा मालक एक बोलका माणूस ठेवी. तो राजाचा आवाज काढी, राणीचा काढी, घोड्यांच्या टापाही तोंडानंच वाजवी. आमच्या आबांचं नाव नाथाजी. शिक्षण चौथी. जतपासून तीन कोसांवरच्या गावातली कोरडवाहू जमीन भावाच्या हवाली करून ते विसाव्या वर्षी नानासो नावाच्या मालकाच्या फिरत्या तंबूत या कामाला लागले. पुढे बोलपट आले आणि पडदाच बोलायला लागला. ठिकठिकाणचे सांगणारे घरी बसले. आबा मात्र टिकले, कारण आमची आजी कन्नड मुलखातली, त्यामुळे आबांना मराठीइतकंच कन्नड येई. जतच्या सरहद्दीला बोलपट मराठी नाहीतर हिंदी, आणि बघणारे निम्मे कन्नड बोलणारे. नानासोंकडे मशिन एकच. एक रीळ संपलं की ऑपरेटर दुसरं चढवी, तोवर खेळ थांबे आणि गॅसबत्ती पुढे आणली जाई. तेवढ्या वेळात आबा उठत आणि झालेली गोष्ट, होणारी गोष्ट कन्नडमध्ये सांगत. लोक म्हणत, पडद्यापेक्षा नाथाजी बरा.

आबा नुसतं सांगत नसत, पदरचं घालून सांगत. पडद्यावर बाई मरून पडलेली, तिचा बाप ऊर बडवून घेतोय, आणि आबा बत्तीच्या उजेडात सांगतायत की तिला घेरी आलीय, आता ती माहेरी जाईल आणि बरी होईल. पुढच्या रिळात ती बाई येणार कुठून? मग आबा सांगत, ती अजून माहेरीच आहे. बायका समाधानानं घरी जात. नानासो एकदा वैतागून म्हणाले, "नाथाजी, अरं मेलेल्या माणसाला तरी मरू दे की."

आबा म्हणाले, "मालक, तीन तीन कोस चालत आल्यात त्या. रडाय घरी काय कमी हाय व्हय?"

पावसाळ्यात तंबू गुंडाळला जाई आणि आबा चार महिने गावी येत. मग खेळ आम्हा दोन पोरांसाठी चाले. मी अंबू, आणि माझा थोरला भाऊ मानसिंग. आमच्यात नऊ वर्षांचं अंतर, मधली दोन भावंडं जगली नाहीत. आबा फिल्मचे तुटलेले तुकडे खिशातून आणत. दारातल्या उन्हात तुकडा धरून एकेक चित्र आम्हाला दाखवत आणि त्यावरून सगळी गोष्ट उभी करत. "बोलनाऱ्याकडं सगळंच बघत्यात," ते म्हणत. "तुमी ऐकनाऱ्याकडं बगा. खरं काम त्योच करतुय." दादा हे सगळं डोक्यात भरून घेई आणि गुरांमागं जाताना अख्खा बोलपट एकटा करून दाखवी. उन्हाळ्यात तंबू जतला आला की तो मला खांद्यावर घेऊन तीन कोस चालत जाई. आम्ही फुकटे, म्हणून पडद्याच्या अगदी पायाशी बसायचो. तिथून माणसांची तोंडं लांबुळकी दिसत, पण आम्हाला वाटे सिनेमा असाच असतो.

आई तेवढी तंबूत कधी आली नाही. ती जात्यावर बसून म्हणे, "सावल्या बगाय मी कशाला यीऊ? तिगांचीबी डोस्की फिरल्यात." पण आबा गोष्ट सांगायला लागले की तिचं जातं हळू होई, हे मी पाहिलेलं आहे.

बेचाळीस साली जतच्या बाजाराला भरतीची मोटार आली. मोटारीतच सिनेमाचं मशिन होतं. लढाईवर गेलेल्या शिपायांना काय काय मिळतं त्याचा सिनेमा, पण त्यातला आवाज परका. कुणाला ओ की ठो कळेना. मग तिथल्या सुभेदारानं नानासोंच्या तंबूतून आबांना बोलावून घेतलं. आबा काठी घेऊन उभे राहिले आणि त्यांनी असा खेळ सांगितला की बाजार जागचा हलेना. बूट कसे चकचकीत, ताटात मटण कसं, आगबोट केवढी मोठी, पलीकडचा मुलूख कसा हिरवागार. पडद्यावर बोट दोनच मिनिटं होती, आबांनी ती पाव तास चालवली. त्यात एक गोळी सुटली नाही की एक माणूस पडला नाही. दुसऱ्या दिवशी अकरा पोरांनी नावं दिली. त्यांत आमचा दादा होता.

आबांना हे कळलं तेव्हा ते धावत मोटारीपाशी गेले. दादा अंगठा देऊन मोकळा झाला होता. तो हसत म्हणाला, "आबा, आवं तुमीच तर सांगितलं."

घरी आल्यावर आई आबांना एवढंच म्हणाली, "तुमच्या जिभंनं गेला माजा पोरगा." त्यानंतर ती त्यांना वाढे, त्यांचं अंथरूण घाली, त्यांच्या अंघोळीला पाणी तापवी, पण गरजेपलीकडे बोलत नसे. आबांसारख्या माणसाला ही शिक्षा फार मोठी होती. ते दारात बसून माझ्याशीच बोलायचे, आणि एक डोळा चुलीकडे असायचा.

दादाची पत्रं येत, दुसऱ्याकडून लिहवून घेतलेली. शाळेतले मास्तर वाचून दाखवत. आधी मिसर देशातून आली, मग इटलीतून. चव्वेचाळीसच्या भाद्रपदात तार आली. मास्तरांनी ती वाचली, पुन्हा वाचली आणि म्हणाले, ठावठिकाणा लागत नाही असं लिहिलंय, मेला असं लिहिलेलं नाही. आई उंबऱ्यावर बसली ती बसलीच. त्या दिवसापासून तिनं जेवणही सोडल्यासारखं केलं. भाकरीचा चतकोर तुकडा घेई आणि तोही ताटात ठेवून उठे. मी अकरा वर्षांची होते. स्वयंपाक माझ्या अंगावर पडला, आणि आई माझ्या डोळ्यांदेखत वाळत चालली.

त्या काळात सरकारचा हुकूम होता की दर खेळाआधी लढाईचा बातमीपट दाखवायचा. आठ-दहा मिनिटांचा तुकडा. तोफा, विमानं, पुलावरून जाणारी फौज, हसणारे शिपाई. आवाज परका म्हणून नानासो तो बारीक करायला लावत आणि आबांना सांगायला उभे करत. मार्गशीर्षात तंबू जतला होता. एक दिवस आबा भर दुपारी गावी आले, तीन कोस जवळजवळ पळत. अंगणातूनच ओरडले, "अगं ए, मानसिंग दिसला! बातमीपटात. डोळ्यानं बगितला मी."

आई चुलीपुढं पडून होती. ती उठून बसली. दोन वर्षांत पहिल्यांदा तिनं त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं. "कसा दिसतुया?" तिनं विचारलं.

"हसतुय," आबा म्हणाले.

त्याच दिवशी आई माझा हात धरून चालत जतला आली. सोबत फडक्यात भाकरी बांधून घेतली होती. कुणासाठी ते मी विचारलं नाही. दिवेलागणीला खेळ सुरू झाला. बायकांच्या बाजूला, कनातीला लागून आम्ही बसलो. पडदा उजळला तशी आई दचकली आणि तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. इतकी माणसं समोरून तिच्याकडे बघताहेत असं तिला वाटलं असावं. एक पूल आला, मोटारी आल्या. मग एका मोटारीशेजारी पाच-सहा शिपाई तोंड धुताना दिसले. त्यातल्या एकानं तोंडावरचं पाणी निपटलं, मान वळवली आणि तो हसला. आबांची काठी उठली, पडद्याला टेकली.

"नोड्री, नोड्री," आबा कन्नडमध्ये ओरडले, बघा, बघा. मग मराठीत म्हणाले, "ह्यो आमचा मानसिंग!"

सगळा तंबू उभा राहिला. लोकांनी शिट्ट्या मारल्या. तो पोरगा एवढ्यात गेलाही, त्याच्या जागी विमान आलं.

तो दादा नव्हता. मला पहिल्या क्षणाला कळलं. दादाची डावी भुवई बैलाचं शिंग लागून मधोमध तुटलेली होती आणि दादा हसताना ओठ मिटून हसे. हा पोरगा तोंडभर हसत होता. मी आबांकडे पाहिलं. ते पडद्याकडे बघत नव्हते, आईकडे बघत होते. त्यांचा चेहरा मी अजून विसरलेले नाही. भिकेला हात पसरलेल्या माणसाचा असतो तसा होता.

आईनं माझं मनगट घट्ट धरलं. "अंबे, बगितलास का? त्योच न्हवं?"

मी म्हणाले, "व्हय आये. दादाच."

का म्हणाले, याचा जाब मी आजवर स्वतःला देते आहे. लहान होते म्हणून सुटता येतं, पण ते खरं नाही. मला तेव्हा नीट कळत होतं. आईचा हात गरम लागला, कितीतरी दिवसांनी. त्या रात्री तिनं नानासोंच्या तंबूमागे बसून आख्खी भाकरी खाल्ली, आणि आबांना म्हणाली, "तुमीबी घ्या की." आबांनी भाकरीचा तुकडा हातात घेतला आणि ते लहान मुलासारखे रडले. आईला वाटलं, आनंदानं.

दुसऱ्या दिवशी ती परत खेळाला आली. पदरात मीठ-मोहऱ्या घेऊन आली होती. तो पोरगा पडद्यावर आला तशी ती सरळ पुढं गेली आणि तिनं पडद्यापुढं हात ओवाळून त्याची दृष्ट काढली. म्हणाली, एवढी माणसं रोज बघत्यात, लागायची एकांद्याची. तंबूत कुणीसुद्धा हसलं नाही. मशिन थांबवलं की आतली फिल्म जळते, पण ऑपरेटरनंही क्षणभर हात आखडला असावा असं मला वाटतं.

ही गोष्ट पंचक्रोशीत पसरली. भरतीला गेलेल्या बाकीच्या पोरांच्या आया यायला लागल्या. आबांच्या पाया पडून म्हणायच्या, "आमचाबी दावा की, नाथाजीभाऊ." आबांना नाही म्हणता येईना. स्वतःच्या बायकोला दाखवला आणि आम्हाला नाही, असं त्या बायांनी म्हटलं असतं तर काय उत्तर होतं? भरतीला गेलेल्यांत एक अर्जुना होता, त्याच्या आईला आबांनी तोफेमागचा एक शिपाई दाखवला. आणखी कुणाला आगबोटीच्या कठड्याला टेकलेला, कुणाला पाठमोरा चालणारा. बातमीपट बदलला की नवे शिपाई येत, आणि आबा त्यांतून आमचा दादाही दर वेळी नव्यानं शोधून काढत. आईचं रूप पालटलं. अंगावर मांस धरलं. ती आबांशी बोलू लागली, भांडूही लागली. मी घरात सुखानं अभ्यासाची पाटी घेऊन बसत असे. खोटं सांगायचं नाही, ते वर्ष आमच्या घराचं चांगलं वर्ष होतं.

लढाई संपली. आधी सरकारचा कागद आला की मानसिंग नाथाजी हा मेला असं धरण्यात येत आहे. आईनं तो कागद मास्तरांकडे परत दिला. म्हणाली, सायबाला काय म्हाईत, मी बगितलाय. मग एकेक करून पोरं परतायला लागली. दहांतले नऊ परत आले. दहावा पलीकडच्या गावचा होता आणि त्याच्या आईनं आबांना कधी विचारलंच नव्हतं. म्हणजे आमचं घर सोडलं तर आबांनी ज्यांना ज्यांना मारली ती प्रत्येक थाप खरी ठरली. लोक आबांना नारळ देऊ लागले. आई दर नारळाला मला म्हणे, "बगितलंस? दावला त्यो आला. आता आपलाच ऱ्हायला."

शेहेचाळीसच्या उन्हाळ्यात अर्जुना आला आणि दुसऱ्याच दिवशी आमच्याकडे आला. तो दादाच्याच पलटणीत होता. ओट्यावर बसला, पाणी प्यायला आणि बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिला. मग म्हणाला, "काकी, कसं सांगू? मी त्याच्या शेजारीच हुतो. नदीतनं पलीकडं जात हुतो आमी. त्याला छातीत गोळी लागली. मी हात धरला हुता, पर पान्याला वढ लय हुती. हात सुटला."

"कवा ह्ये?" आईनं विचारलं.

"श्रावन आसंल. तार आली त्याच्या आदी."

आईच्या चेहऱ्यावर हसू आलं. "आरं लेकरा, त्यो कुनी दुसरा आसंल. आमचा मानसिंग त्याच्याबी फुडं चार महिनं पिच्चरमदी हसत हुता. तुज्या आयेला इच्यार, ती बी हुती." आणि तिनं त्याला गूळ-शेंगा दिल्या.

अर्जुना गेल्यावर आबा आईपुढं जमिनीवर बसले. त्यांनी तिला सगळं सांगितलं. तो दुसराच कुणी होता, सगळे दुसरेच होते, मी तुला जगवाय बोललो. असं ते तुटक तुटक बोलत होते. मी त्यांना इतकं वाईट सांगताना कधी ऐकलं नव्हतं. ज्या माणसानं हजार लोकांना मेलेली बाई जिवंत आहे असं पटवलं, त्याला एका बाईला खरं पटवता येईना.

आई ऐकत राहिली. मग म्हणाली, "अर्जुनाच्या आयेला दावला त्यो आला का न्हाई? बाकीचंबी आलं का न्हाई? मग माजाच कसा खोटा?" आणि ती माझ्याकडे वळली. "अंबे, तू सांग. तुजं डोळं लहान हायीत, तुला चांगलं दिसतंय. त्यो आपला मानसिंग हुता का न्हवता?"

आबा माझ्याकडे बघत होते. त्यांना काय हवंय ते मला स्पष्ट दिसत होतं. आणि आईला काय हवंय तेही दिसत होतं. मला ती चुलीपुढं पडलेली आई आठवली, ताटातला तो चतकोर तुकडा आठवला.

मी म्हणाले, "हुता आये."

आबा उठले आणि बाहेर गेले.

त्या भाद्रपदात आबांनी म्हाळ घालायचं काढलं. मेलेल्या माणसाला पितृपक्षात जेवू घालतात, तो म्हाळ. पोराच्या नावानं पान वाढावं, पाणी सोडावं, एवढंच त्यांचं मागणं होतं. तो पाण्यात गेला, तहानेला राहिला असेल, असं काहीतरी त्यांच्या मनानं घेतलं होतं. पाण्यात बुडालेल्याला तहान कसली, असं मी आज म्हणेन. तेव्हा मलाही ते खरंच वाटे. आईनं चुलीत पाणी ओतलं. म्हणाली, "जित्या पोराचा म्हाळ घालता? आदी माजा घाला." भावकीही आईच्याच बाजूची. जो परत येणार आहे त्याच्या नावानं पाणी सोडणं म्हणजे त्याचं वाईट चिंतणं, असं सगळे म्हणाले. दोष कुणाला द्यायचा? सगळ्यांनी आबांच्याच तोंडून ऐकलं होतं.

मग आबा कुणाला न सांगता सांगलीला गेले, कृष्णेच्या घाटावर. परत आल्यावर त्यांनी फक्त मला सांगितलं. भटजींनी हातावर तीळ-पाणी दिलं आणि म्हणाले, नाव घ्या. आबांच्या तोंडून नाव निघेना. ओठ हलत, आवाज येत नसे. मागे माणसं खोळंबली होती. शेवटी भटजी म्हणाले, उद्या या. आबांच्या ओंजळीतलं पाणी बोटांतून गळून गेलं आणि ते तसेच परत निघाले; एस. टी. नव्हती तेव्हा, मिळेल त्या गाडीनं, चालत, तीन दिवसांनी घरी पोहोचले. मला म्हणाले, "अंबे, जीभ टाळ्याला चिकटली बग." मी त्यांच्या पायांना तेल लावलं.

तंबूत ते पुन्हा सांगायला उभे राहिले नाहीत. नानासोंनी हातापाया पडून पाहिलं. आबा म्हणत, दुसरं काम द्या. मग ते खुंट्या ठोकायचे, कनाती बांधायचे, खेळ सुरू झाला की बाहेर बैलांपाशी जाऊन बसायचे. पावसाळ्यात घरी आले तरी फिल्मचे तुकडे आणत नसत. एकदा मीच हट्ट केला, एक गोष्ट सांगा म्हणाले. ते म्हणाले, "मला येत न्हाई आता." मला सिनेमाचं वेड त्यांनी लावलं, आणि त्यांच्या तोंडून शेवटच्या वर्षांत मी एकही सिनेमा ऐकला नाही. याचा मला त्यांच्यावर राग आहे आणि स्वतःवर त्याहून जास्त.

एकोणपन्नासच्या माघात आबांच्या छातीत पाणी झालं. मी सासरहून आजारपण काढायला आले होते. माझं सासर शिराळ्याकडचं. आठ दिवस त्यांना श्वास पुरत नव्हता. नवव्या दिवशी सकाळी, आई त्यांना पेज भरवत असताना, ते गेले.

गावातली माणसं जमली. अंघोळ घातली, तिरडी बांधली. चुलत्याचा मुलगा धुळा, आमच्या घरात आता कर्ता पुरुष तोच, तो केस काढून, ओल्या धोतरानं मडकं घेऊन उभा राहिला. आई आबांच्या डोक्याशी बसली होती. तिनं धुळाकडे पाहिलं आणि म्हणाली, "तू कशाला? थोरला हाय की. त्यो यील. थांबा."

कुणाला वाटलं दुःखात बोलतेय. तासभर गेला. कुणीतरी म्हणालं, वहिनी, उचलायचं का? ती म्हणाली, "बापाला आग द्याय पोरगं यायला नगो? समद्यांची आली. त्यो वाटंत आसंल." तिच्या बोलण्यात वेड नव्हतं, नेहमीचं हुकमाचं बोलणं होतं. नानासो जतहून आले होते. तेही तिला काही सांगू शकले नाहीत. ऊन माथ्यावर आलं, मग कललं. माणसं जोत्यावर, झाडाखाली बसून राहिली. कुणी उठून जाईना. धुळा थंडीनं काकडत होता. आबांच्या चेहऱ्यावर माशा बसू लागल्या होत्या आणि आई त्या पदरानं वारत होती, रस्त्याकडे बघत.

त्या अंगणात पडद्यावरचं खरं माहीत असलेले दोघे होते. एक तिरडीवर होता. अर्जुनाचं कुणी मानलं नव्हतं, आबांचं मानलं नव्हतं. माझं मानलं होतं. मी जाऊन आईसमोर बसले.

"आये," मी म्हणाले, "दादा यायचा न्हाई."

माशा वारणारा तिचा पदर थांबला.

"पिच्चरमदला त्यो दादा न्हवता. मला तवाच कळलं हुतं. मी दोनदाबी खोटं बोलली. आबा तुला खरं सांगत हुते."

मला वाटलं ती मारेल. मारावं असं मला वाटत होतं. माझ्या तोंडाकडे पाहून तिनं काय ते ओळखलं, आणि तिचे हात मांडीवर पडले. मग तिनं अगदी हळू विचारलं, "मग त्यो कुनाचा हुता गं?"

"ठावं न्हाई आये."

"त्याच्या आयेला त्यो कुनी दावलाबी नसंल," ती म्हणाली.

ती वाकली. आबांच्या कपाळावर तिनं तळहात ठेवला आणि त्यांच्या कानाशी काहीतरी बोलली. एवढ्या जवळ असून मला ऐकू आलं नाही. पाच वर्षांत ती रडली नव्हती, तेव्हाही रडली नाही. रडू पुढं महिन्यानं आलं, आणि मग थांबेना. त्या वेळी ती फक्त बाजूला सरकली, माणसांना पुढं यायला वाट करून दिली, आणि धुळाला म्हणाली, "उचला आता. आन धुळा, दोगांच्याबी नावानं पानी सोड."